बदलीचा आदेश निघालेला गव्हर्नर

२३ जून २०१८ रोजी थायलंडच्या चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली १२ मुलं आणि त्यांचा सहायक प्रशिक्षक अडकले. त्यांना बाहेर काढणारे पाणबुडे जगाला माहीत झाले. गुहेबाहेर बसून मोहीम चालवणाऱ्या नारोंगसाक ओसत्तानाकोर्न यांच्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. ते प्रांताचे गव्हर्नर, म्हणजे साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखे सरकारनियुक्त अधिकारी. शेजारच्या लहानशा फायाओ प्रांतात त्यांच्या बदलीचा आदेशही निघाला होता. तरी सूत्रं त्यांच्याकडेच ठेवली गेली. मला विचाराल तर साऱ्या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

कारण गर्दी कोणाची नव्हती! थाई नौदलाचे कमांडो, लष्कर, अमेरिकी हवाई दलाची तुकडी, ब्रिटिश पाणबुडे. पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. नारोंगसाक यांनी सर्वज्ञ असल्याचा आव आणला नाही. पाण्यातलं पाणबुड्यांनी सांगावं, डोंगरावरचे ओढे वळवणाऱ्यांनी आपलं काम बघावं. पण आज उतरायचं की थांबायचं, हे एकाच ठिकाणाहून कळणार. पत्रकारांसमोर येणारेही बहुधा तेच. ८ जुलैला मुलांना आणायला सुरुवात करण्याआधी त्याच पत्रकारांना गुहेच्या परिसरातून हलवण्यात आलं.

सुरुवात करण्याचा तो हुकूम देणं सोपं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी, ६ जुलैला, गुहेत हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना नौदलाचे माजी जवान समान गुनान यांचा जीव गेला होता. मुलांना गुंगीचं औषध देऊनच पाण्याखालून आणता येईल, असं पाणबुड्यांचं म्हणणं. थांबावं, तर मोठा पाऊस येऊ घातलेला. नारोंगसाक यांनी जोखीम पत्करली. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले.

तेव्हाचे पंतप्रधान प्रयुत चान-ओचा स्वतः माजी लष्करप्रमुख. तेही गुहेपाशी येऊन गेले. तरी मोहीम नारोंगसाक यांच्याच हाती राहिली. आपल्याकडे मात्र पूर आला, की मंत्र्यांचे ताफे येतात आणि हातातलं काम टाकून अधिकारी त्यांच्यामागे धावतात. वास्तविक राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची, घटनेच्या जागी प्रमुख एक, आणि प्रत्येकाला आदेश देणारा वरिष्ठही एकच. कागदावर काही कमी नाही. पुढच्या पावसाळ्याआधी तहसील कार्यालयात जाऊन एवढंच विचारा, की आपल्या तालुक्यात तो प्रमुख कोण?