डॉक्टरचं दुखणं कोण ऐकणार?

दाढ ठणकली की आपण दातांच्या डॉक्टरकडे धावतो. पण त्यालाच दारूचं व्यसन लागलं, किंवा मन खचलं, तर त्यानं कुठं जायचं? दिवसभर मान वाकवून काम, समोर घाबरलेला पेशंट आणि औषधं हाताशी. सांगावं तर नाव जाईल, पेशंट तुटतील. म्हणून तो लपवतो, आणि दुखणं वाढतं.

ब्रिटनमध्ये व्यसनातून सुटू पाहणाऱ्या डॉक्टरांचे आणि दंतवैद्यांचे स्वतःचे गट आहेत. त्यातून सावरलेला दंतवैद्य नव्या माणसाला म्हणतो, "माझंही असंच झालं होतं." एवढ्यानं जीभ मोकळी होते. बोललेलं बाहेर जात नाही. उपचार लागतातच, पण तिथवर जायला सोबत मिळते.

१९३५ साली अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू झालं, तेही असंच. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूनं गांजलेले, एकमेकांशी बोलत सावरले.

आपल्या बचत गटातही हिशेब झाल्यावर एखादी गप्प बसलेली दिसली, तर तिच्याजवळ बसा. ऐकलेलं पोटात ठेवा. गरज वाटली तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर दोघी मिळून फोन लावा.