फिजीची १४ मे

प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, तीनशेहून अधिक बेटांचा एक देश आहे. त्याचे नाव फिजी. या चिमुकल्या देशाची कथा सांगायची तर १४ मे ही एकच तारीख तीनदा सांगावी लागते.

पहिली १४ मे, १८७९ ची. कलकत्त्याहून निघालेले ‘लिओनिडास’ जहाज त्या दिवशी फिजीला लागले. करारावर मळ्यांत राबायला आणलेली हिंदी माणसे त्यात होती. ‘ॲग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ती गिरमिटिया ठरली. १९१६ पर्यंत अशी साठ हजार माणसे गेली. पुष्कळांनी तेथेच घर केले.

दुसरी १४ मे, १९८७ ची. डॉ. तिमोथी बावाद्रा यांचे सरकार जेमतेम महिन्याचे होते. ते स्वतः मूळचे फिजीयन, पण त्यांच्या मंत्रिमंडळात हिंदी वंशाचे मंत्री बरेच होते. सकाळी संसदेत एकाएकी मुखवटे चढवलेले सैनिक घुसले. प्रेक्षकांच्या सज्जातून एक धिप्पाड गृहस्थ उठला. तो होता लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका, वय ३८. रग्बीचा हा नामांकित खेळाडू १९७९ साली आपल्याच निलगिरीतील वेलिंग्टनच्या लष्करी महाविद्यालयात शिकून गेला होता! आपल्या लोकांचे वर्चस्व जाईल, या भयाने त्याने सरकार उलथले. सप्टेंबरात पुन्हा तोच प्रकार केला. १९९० च्या घटनेने पंतप्रधानपद हिंदी माणसाला बंद झाले. हजारो कुटुंबे देश सोडून गेली.

पण माणूस एकाच जागी थांबत नाही. १९९२ साली राबुका निवडणुकीने पंतप्रधान झाले आणि विरोधी नेते जयराम रेड्डी यांच्या साथीने १९९७ ची घटना घडवून त्यांनी तो अडसर दूर केला. दोनच वर्षांत महेंद्र चौधरी हे हिंदी वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. राबुका मात्र त्याच निवडणुकीत हरले.

तथापि पायंडा पडला होता. २००० साली जॉर्ज स्पाइट याने चौधरींना ५६ दिवस ओलीस धरले. २००६ साली सेनापती फ्रँक बैनीमारामा यांनी आणखी एक सरकार घालवले. त्यांची सत्ता संपली ती २०२२ साली, मतपेटीने. संसदेत २८ विरुद्ध २७ मतांनी पंतप्रधान झाले ते चौऱ्याहत्तर वर्षांचे राबुकाच!

तिसरी १४ मे, २०२३ ची. गिरमिटियांच्या स्मरणदिनी भरलेल्या प्रार्थनासभेत राबुकांनी १९८७ च्या कृत्याबद्दल हिंदी समाजाची जाहीर क्षमा मागितली.

गेलेली कुटुंबे त्यामुळे परत आली नाहीत. परंतु ज्याने बंदुकीच्या बळावर सत्ता घेतली, त्यानेच छत्तीस वर्षांनी त्याच तारखेला सर्वांसमोर ‘चुकलो’ म्हणावे, हे इतिहासात क्वचितच घडते. क्षमा करायची की नाही, हे मात्र ज्यांची घरे सुटली त्यांनीच ठरवायचे.