खळ्यावरील झोतदिवा : हॅलोजन की एलईडी?

रब्बीच्या मळणीस दिवस अपुरा पडतो आणि पुष्कळ ठिकाणी यंत्र रात्री चालवावे लागते. उजेड तोकडा असेल, तर यंत्रात पेंढ्या सारणाऱ्या माणसाच्या हातास धोका असतो. म्हणून झोतदिवा घेताना खोक्यावरील वॉटचा आकडा पाहून भागत नाही. वॉट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे; उजेडाचे माप ल्यूमेन होय.

हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून प्रकाश देते व बहुतेक वीज उष्णतेतच खर्ची पडते. ५०० वॉटच्या नव्या हॅलोजन नळीपासून सुमारे ९ ते १० हजार ल्यूमेन प्रकाश मिळतो. चांगला एलईडी दिवा दर वॉटमागे १०० ल्यूमेन किंवा अधिक देतो. म्हणजे १०० वॉटमध्ये तेवढेच काम होते. सहा तासांत पहिला ३ युनिट वीज घेतो, दुसरा ०.६ युनिट. शिवाय हॅलोजन नळीचा प्रकाश चहूकडे जातो. मागे गेलेला भाग परावर्तकाने पुढे वळवावा लागतो, आणि खळ्यावर त्या परावर्तकावर भुसा व धूळ बसण्यास वेळ लागत नाही.

खेड्यातील विजेचा दाबही विचारात घ्यावा. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर हॅलोजनचा उजेड एक-तृतीयांशाहून अधिक घटतो. चांगल्या एलईडी दिव्यातील चालक-मंडल हा चढउतार सोसते व उजेड जवळजवळ कायम राहतो.

तथापि एका बाबतीत हॅलोजन उजवा ठरतो. त्याची तापलेली तार क्षणात थंड होत नाही, त्यामुळे प्रकाश फारसा लुकलुकत नाही. हलक्या प्रतीचा एलईडी दिवा मात्र सेकंदास १०० वेळा लुकलुकतो आणि त्या उजेडात फिरती कप्पी संथ किंवा स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. परीक्षा सोपी आहे: दिव्यासमोर काठी वेगाने हलवावी. तिच्या तुटक-तुटक आकृती दिसल्यास तो दिवा यंत्राजवळ लावू नये.

हॅलोजनची काच काही शे अंशांपर्यंत तापते. कडबा, भुसा वा ताडपत्रीजवळ तो टांगणे म्हणजे आगीस निमंत्रणच. एलईडीही मागील बाजूस तापतो, पण इतका नव्हे. त्याच्या पाठीवरील पन्हळी भुशाने बुजू देऊ नयेत.

दिवा कोठे बसवावा, यास तितकेच महत्त्व आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. एकाच मोठ्या दिव्यापेक्षा दोन बाजूंनी दोन लहान दिवे लावल्यास माणसाची सावली यंत्राच्या तोंडावर पडत नाही. झोत कामकऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. उघड्यावर आयपी ६५ दर्जाचा दिवा घ्यावा. धातूचे कवच असल्यास त्यास अर्थिंग जोडल्याखेरीज दिवा सुरू करू नये.