मूठभर तांदळावर उभी मंडळी

नागपूरहून सुटलेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड मागे टाकत गोंदियावरून राजनांदगावला जाते. याच वाटेवर 1893 च्या सुमारास एका गोऱ्या सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना बायबल वाचायला दिलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. पण टिळकांनी मराठी चर्चला पुढे काय दिलं, ते फारसं बोललं जात नाही. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच रुजवलं होतं, तरीही उपासनेतली पुष्कळ गीतं परक्या चालींवर बेतलेली असत. टिळकांनी तिथं अभंग आणि भजन आणलं. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापाशी पोचवलं, असं ते मनापासून मानत. 1919 मध्ये ते गेले. आजही मराठी मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसानं फार नेमका निवडला. घरची मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, तशीच चर्चची मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी अशी मंडळी लहानच असणार. कुणी शाळेत शिकवतो, कुणी दवाखान्यात काम करते, कुणाची चार बांध्या धानाची शेती. आठ-दहा घरांच्या मंडळीला स्वतंत्र पाळक परवडत नाही. एकच पाळक दोन-तीन गावं सांभाळतो. मग तो नसलेल्या रविवारी उपासना कोण चालवतो? मंडळीचं आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

वसईनं हे उत्तर फार पूर्वी दिलं. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्या आधारानं आलेले युरोपीय मिशनरीही गेले. चर्च मात्र टिकलं, कारण इथल्याच मातीतले धर्मगुरू आणि वाडी-वाडीतले लोक उरले होते. त्यांची सामवेदी बोली, लुगडं, लग्नातली गाणी, सगळं श्रद्धेबरोबर शाबूत राहिलं. पुढच्या शतकात अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन आणि इंग्लंडचे हेन्री व्हेन यांनी हाच विचार तत्त्व म्हणून मांडला: मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपली सुवार्ता आपण सांगावी. अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले, त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

खर्च उचलायचा म्हणजे श्रीमंत देणगीदार शोधायचा, असं नाही. मिझोरममध्ये 1910 पासून एक साधी रीत आहे. बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते तेव्हा त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. आठवड्याचे साठलेले तांदूळ चर्चकडे जातात, ते विकून काम चालतं. गरिबातल्या गरीब घरालाही त्यामुळे देणाऱ्याचा मान मिळतो, आणि तो मान रोज दोनदा, चुलीपाशी मिळतो.

आपला भंडारा जिल्हाही तांदळाचाच. हलका धान दिवाळीच्या आसपास कापला जातो, भारी धान त्यानंतर. चुरणं (मळणी) आटोपलं की मराठी मंडळ्यांत कापणीचा सण होतो. वेदीसमोर सुपात नवा तांदूळ, भोपळा, वाल, लाखोळीची डाळ, पाय बांधलेली एखादी कोंबडी. प्रार्थना झाली की लिलाव. पाच रुपयांच्या लिंबाची बोली दहा-वीस करत शंभरावर जाते. घेणारा ते लिंबू पुन्हा वेदीवर ठेवतो आणि बोली नव्यानं सुरू होते. पोरं ओरडून आकडा चढवतात. वहीत नाव आणि रक्कम लिहिणारा बहुधा कॉलेजातला मुलगा असतो, आणि मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याच्या हाती त्या वयात वही आली, तो पुढे सहसा मंडळी सोडून जात नाही. संध्याकाळी एकाच पंगतीत जेवण. त्या आठवड्यात कोण आजारी म्हणून आलं नाही, हे तिथं लगेच कळतं, आणि दोन बाया डबा बांधून निघतात.

मोडतं कुठं, तेही सांगायला हवं. मिशनच्या जमिनी, बंगले, शाळा यांच्या ताब्यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चाललेत. दगडी चर्च उभं आणि बाकं रिकामी, अशी दृश्यं त्यातूनच आली. याच्या अगदी उलट उदाहरण साकोलीपासून शंभरेक किलोमीटरवर घडलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांची सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. बाप्तिस्मा बालपणी द्यायचा की जाणतेपणी, हा पिढ्यानपिढ्यांचा मतभेदही त्यांनी दोन्ही रीती मान्य करून सोडवला.

धान घरात आला की कापणीच्या सणाची तारीख जवळच्या मंडळीत विचारा. परक्याला तिथं कुणी अडवत नाही. जा, एका भोपळ्यावर बोली लावा आणि पंगतीला बसूनच परत या.