गाडी दारात उभी, तरी बॅटरी का उतरते?

नांदेड-लातूरमध्ये इलेक्ट्रिक कार घेणारे वाढत आहेत. अशी कार चार दिवस दारात उभी राहिली आणि चार्ज उतरला की लोक बॅटरीला दोष देतात. पण कित्येकदा कारण मोबाईलमध्ये असते. ते आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

उभी गाडी झोपलेली असते. ॲप उघडले की गाडीतल्या सिमवर निरोप जातो, तिचे कॉम्प्युटर जागे होतात. काही ॲप मात्र दर थोड्या मिनिटांनी आपणहून चौकशी करतात. मग गाडीला झोपच लागत नाही.

हिशोब पाहू. जागी गाडी 200 वॅट घेते असे धरले, तर 24 तासांत 4.8 युनिट जातात. 40 युनिटच्या बॅटरीचे हे 12 टक्के झाले. टेस्लाच्या माहितीपुस्तिकेत उभ्या गाडीसाठी दिवसाला सुमारे 1 टक्का घट धरली आहे. फरक लक्षात घ्या. शिवाय 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

मग काय करावे?

- कंपनीचे ॲप पुरेसे आहे. दुसरे ॲप नुसते डिलीट करू नका. आधी खात्यातून त्याची परवानगी काढा, पासवर्ड बदला. नाहीतर त्याचा सर्व्हर चौकशी करतच राहतो.
- चार्ज सारखा सारखा बघू नका.
- उन्हाळ्यात उभ्या गाडीचा एसी आपोआप चालू होण्याची सोय आणि कॅमेऱ्याचा पहारा गरज नसेल तर बंद ठेवा.
- रात्री टक्के लिहून ठेवा, ॲप न उघडता सकाळी गाडीतच पाहा.

इतके करूनही चार्ज झपाट्याने उतरला, तरच सर्व्हिस सेंटर गाठा.