शेपटीने घरात शिरणारा मासा

१९८९ चा मे महिना. मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका बँकशाखेत कर्जाची प्रकरणे पाहत होतो. एका भोई म्हाताऱ्याने जाळ्यासाठी कर्ज मागितले होते. चौकशीला गेलो, तर गांधीग्रामच्या पुलाखाली पूर्णेचे डोह तेवढे उरलेले आणि म्हातारा गुडघाभर चिखलात हात घालून काही चाचपत असलेला. त्याने हात वर काढला नि मी चार पावले मागे सरलो. हातभर लांब, बुळबुळीत, वळवळणारे काहीतरी!

"भेता काहून सायेब? साप नोय जी, वाम हाये," म्हातारा हसला. "हे कल्ले पाहा. सापाले कल्ले असते काय?"

पुढे वाचनाचा नाद वाढला, तेव्हा कळले की हा धडा समुद्रातही लागू पडतो. उष्ण समुद्रांच्या वाळूत नि चिखलात बिळे करून राहणाऱ्या माशांचे एक मोठे कूळ आहे. इंग्रजीत त्यांना स्नेक ईल म्हणतात. आपण सर्पवाम म्हणू. जाती तीनशेहून अधिक. अंगावर खवले नाहीत. बहुतेकांच्या शेपटीला परही नसतो. त्या जागी हाडासारखे टणक टोक असते. ते वाळूत रोवून मासा मागच्या मागे आत शिरतो. आपण घरात तोंडाने शिरतो, हा शेपटीने! त्यामुळे तोंड आपसूक दाराशी राहते. नुसते मुंडके बाहेर ठेवून तो खेकडा, कोळंबी, लहान मासा यांची वाट पाहतो. काहींच्या अंगावर विषारी समुद्रसापासारखे पट्टे असतात. विष नसले तरी धाक राहतो. मोठ्या माशाने गिळलेच, तर हा त्याचे पोट भेदून सुटू पाहतो आणि बरगड्यांआड अडकून मरतो. असे सुकलेले देह अभ्यासकांना मोठ्या माशांच्या पोकळीत सापडले आहेत.

यांतली एक जात खाडीतून गोड्या पाण्यात, भातखाचरांतही शिरते. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. आज तिला पिसोडोनोफिस बोरो म्हणतात.

वऱ्हाडात ती कुठून येणार? आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, पण समुद्र शेकडो मैल दूर. म्हाताऱ्याच्या हातातली वाम तर तिची नातलगही नव्हे. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, तिचे कूळच निराळे. दोघींना चिखलात राहायचे होते म्हणून बांधा सारखा झाला, एवढेच. खरी नातलग म्हणजे अहेर. ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. सर्पवामीची काय, अहेरीची काय, पिल्ले पारदर्शक पानासारखी असतात. अहेरीचे पिल्लू मोठे होत नदी चढते. पण सुरतेजवळच्या मुखातून पूर्णेपर्यंत यायचे, तर आज वाटेत काकरापार, १९७२ साली पुरे झालेले उकाई आणि हतनूर उभे आहे. पाणी आपण अडवले, त्याबरोबर वाटही अडली.

त्या दिवशी शाखेत परतून मी अहवाल लिहिला : 'तारण नाही. उत्पन्न अनिश्चित.' दोन्ही वाक्ये नियमाला धरून होती. कर्ज नामंजूर झाले. पुढल्या वर्षी म्हातारा वीटभट्टीवर दिसला. मला पाहून त्याने हात जोडले. मला मात्र मान वर करवली नाही. नदीचा तळ त्याला बोटांनी पाठ होता, पण त्यासाठी माझ्या अर्जात रकाना नव्हता.

आता पूर्णेची वाळू ट्रकांनी जाते. वाळूच गेली, तर बीळ करायचे कुठे? तेव्हा वाचकहो, नदीकाठी काही वळवळताना दिसले, तर काठी उचलण्याआधी जरा लांबूनच कल्ले आहेत का पाहा. जवळ एखादा म्हातारा भोई असेल, तर त्याला विचारा. मी विचारले होते. लिहून घ्यायचे मात्र राहून गेले.