औट्रम घाट आणि भिल्ल पलटण: समज आणि वस्तुस्थिती

कन्नड सोडून चाळीसगावकडे निघालं की सातमाळ्याच्या कड्यावरून वळणावळणाने खाली उतरणारा घाट लागतो. त्याला औट्रम घाट म्हणतात. १९८६ मध्ये इथलं जंगल राखीव झालं आणि 'गौताळा औट्रमघाट अभयारण्य' असं त्याचं नाव ठेवलं गेलं. हा औट्रम म्हणजे घाट बांधणारा कोणी इंजिनिअर असावा असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जेम्स औट्रम हा मुंबई सरकारच्या लष्करातला अधिकारी होता. १८२५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला घेतली. डोंगरातल्या भिल्लांचा माग भिल्लांनीच काढावा, हे त्या पलटणीचं काम.

अपाची टोळ्या, त्यांच्या मागावरचं अमेरिकी घोडदळ आणि घोडदळाला वाट दाखवणारे अपाची वाटाडे हे चित्र सिनेमांनी आपल्याकडे घरोघर पोहोचवलं. तोच प्रसंग अमेरिकेतल्या त्या घटनांच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर घडला होता. त्याबद्दल मात्र आपल्याला तुटपुंजी माहिती आहे, आणि तीही बरीचशी चुकीची.

'घाटाला नाव औट्रमचं, म्हणजे कन्नडला तोच असणार'

हे खरं नाही. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. औट्रम आणि त्याची पलटण धरणगावला होती. पश्चिमेचं काम नंदुरबारकडून चालायचं. दक्षिणेची एजन्सी कन्नडला होती आणि तिथे ओव्हन्स नावाचा अधिकारी होता. त्याच्यासोबतच्या ग्रॅहमने पुढे १८४३ मध्ये खानदेशच्या भिल्लांवर सविस्तर अहवाल लिहिला.

कन्नड तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. सातमाळ्याच्या उत्तरेला इंग्रजांचा अंमल, दक्षिणेला निजामाचा. डोंगरातल्या भिल्लांना ही हद्द फार सोयीची पडत असे. खाली चाळीसगावच्या बाजूला पाठलाग सुरू झाला की वर चढायचं, की झाली दुसऱ्याची हद्द. म्हणून इंग्रजांनी आपला एजंट थेट निजामाच्या प्रदेशात बसवला.

'भिल्ल पिढीजात लुटारू होते, इंग्रजांनी त्यांना माणसांत आणलं'

हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. सगळ्यांत जास्त अन्यायही त्यानेच केला आहे.

खानदेशात आणि सातमाळ्याच्या पायथ्याला भिल्ल हे गावगाड्याचे राखणदार होते. गावात भिल्ल जागल्या असायचा आणि घाटाच्या तोंडाशी नाईक. घाट सुरक्षित ठेवायचा, वाटसरूंना पलीकडे पोहोचवायचं आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, असा हा जुना करार होता.

जागल्याचं काम कसं चालायचं तेही पाहण्यासारखं आहे. गावात चोरी झाली की पहाटे जागल्या चोराचं पाऊल शोधायचा. ते सापडलं की त्याचं माप घ्यायचा आणि शिवारातून माग काढत गावच्या शिवेपर्यंत जायचा. शिवेवर पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून पाऊल दाखवायचं, माप त्याच्या हवाली करायचं. तिथे त्याची जबाबदारी संपायची आणि पुढच्याची सुरू व्हायची. ज्या गावात माग हरवेल त्या गावाने चोरीचा माल भरून द्यायचा. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून आलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदली आहे. मातीवरचं पाऊल वाचणारी ही माणसं म्हणजे त्या काळचे पोलीस होते. पुढे पलटणीला त्यांच्या अंगच्या ज्या गुणाचं एवढं अप्रूप वाटलं तो इथूनच आलेला.

मग मोडलं काय? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावं ओस पडली, तिथे राखायचं काय आणि हक्क द्यायचा कोणी? भिल्ल डोंगरात गेले आणि लूटमार सुरू झाली. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यावर जो उपाय केला तो लिहायलाही जड जातो. कोपरगावला भिल्लांना बोलावून आणलं, विश्वासघाताने पकडलं आणि विहिरींत ढकलून मारलं. मग १८१८ मध्ये इंग्रज आले. नाईकांच्या घाटांवरच्या हक्कांचा प्रश्न पुन्हा चिघळला आणि डोंगर पुन्हा पेटले. पंधरा-वीस वर्षांत घडवलेली ही परिस्थिती 'जन्मजात स्वभाव' म्हणून कागदावर चढली. हा ठपका आजही त्या समाजाला वागवावा लागतो. कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन कोणीही खात्री करून घ्यावी.

'औट्रमने वाघाच्या शिकारीतून भिल्लांची मनं जिंकली'

यात थोडं तथ्य आहे. तो पायी वाघाची शिकार करायचा, भिल्लांबरोबर राहायचा, आणि त्याच्या धाडसाची त्यांच्यावर छाप पडली हे खरंच आहे. पण त्याच्या चरित्रकारांनी एवढाच भाग रंगवला. त्याआधी सात वर्षं फौजांनी घाटांची नाकेबंदी केली होती. सपाटीवरून डोंगरात जाणारं धान्य तोडलं होतं. नाईकांना पकडलं होतं, काहींना फाशी दिलं होतं. उपाशी माणसांसमोर माफी आणि दरमहा पगार ठेवला गेला, तेव्हा पलटण उभी राहिली. काही वर्षांत ती सुमारे सहाशे जणांची झाली.

कन्नडच्या एजन्सीचं काम याहून कमी नाट्यमय आणि, माझ्या मते, जास्त परिणामकारक होतं. डोंगरातून उतरणाऱ्या कुटुंबांची नावं नोंदवायची, पडीक जमीन द्यायची, बैल-बियाण्यासाठी तगाई द्यायची, नाईकांचे नेमणुकीचे पैसे वेळेवर पोहोचवायचे. घाटाला मात्र नाव शिकाऱ्याचं मिळालं.

'पलटणीत गेलेले ते फितूर, डोंगरात राहिलेले ते क्रांतिकारक'

माणसं अशी दोन खात्यांत विभागता येत नाहीत. खाज्या नाईक यांचंच पाहा. ते इंग्रजांच्या नोकरीत सेंधव्याच्या घाटाचे राखणदार होते. १८५७ मध्ये त्यांनीच त्या घाटात सरकारी खजिना लुटला आणि सातपुड्यात उठाव उभा केला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या पन्नासहून अधिक जणांना इंग्रजांनी तिथल्या तिथे खटला उरकून गोळ्या घातल्या. शेकडो स्त्रियांना कैद केलं. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने उभ्या असलेल्यांत भिल्ल पलटणही होती. दोन्हीकडचे लोक एकाच समाजाचे.

सिन्नर-संगमनेरकडे भागोजी नाईक यांचंही तसंच. ते आधी पोलिसांत होते, मग बंडात उतरले आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये लढताना पडले. तिकडच्या डोंगरांसाठी इंग्रजांनी नटॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची वेगळी पलटण उभारली, कारण डोंगरात गोऱ्या फौजेचा आणि घोडेस्वारांचा निभाव लागत नव्हता.

घोडदळाबद्दलही एक नोंद करायला हवी. इंग्रजांच्या बाजूचं घोडदळ एकनिष्ठ होतं असंही नाही. जून १८५७ मध्ये आपल्याच औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहराच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडेस्वारांनी उठाव केला. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याची साक्ष आहे.

'अमेरिकेत जे झालं ते वेगळंच'

वेगळं कमी, सारखं जास्त. अमेरिकी संसदेने १८६६ मध्ये हजारापर्यंत आदिवासी वाटाडे भरती करायला परवानगी दिली. १८७१ पासून ॲरिझोनात जनरल क्रुकने अपाचींनाच अपाचींच्या मागावर पाठवलं. भूक, पगार, जुनी वैरं, कुटुंब वाचवण्याची धडपड, अशी भरतीची कारणंही तीच. १८७५ मध्ये दहा अपाची वाटाड्यांना त्या देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

फरक दिसतो तो शेवटात. १८८६ मध्ये अपाचींचा म्होरक्या जेरोनिमो याच्यापर्यंत पोहोचून त्याला शरणागतीचा निरोप देणारे दोघे, कायिता आणि मार्टीन, हे अपाचीच होते. काम झाल्यावर त्यांनाही जेरोनिमोच्या लोकांबरोबर युद्धकैदी म्हणून फ्लोरिडाला पाठवण्यात आलं. आपल्याकडे पलटणीतल्या भिल्लांना असं देशोधडीला लावलं गेलं नाही. औट्रम 'सर' झाला आणि त्याचं दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत झालं. त्याच्या पलटणीतल्या शिपायांची नावं मात्र आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाहीत.

ही उणीव भरून काढणं आपल्या हातात आहे. कन्नड, सोयगाव आणि चाळीसगाव तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या वर्गात भिल्ल कुटुंबातली मुलं असतील, तर त्यांच्या आजी-आजोबांकडे जाऊन बसा. घराणं कोणत्या घाटाचं राखणदार होतं, पलटणीत कोण होतं, डोंगरात कोण राहिलं, हे विचारा आणि नावानिशी लिहून ठेवा. ग्रॅहमचा अहवाल कुठे जाणार नाही, पण सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.